अव्यवस्थेचे भूमितिकार : जे. डी. बर्नाल

मीठ, साखर, तांबे, लोखंड अशा बहुतेक घन पदार्थांत अणू किंवा रेणू ठरावीक क्रमाने मांडलेले असतात. एकच मांडणी सर्व दिशांना पुन्हा पुन्हा येत राहते आणि तीमुळे पदार्थ स्फटिकरूप होतो. खिडकीच्या काचेत असा क्रम नसतो. काचेचा रस थंड होताना त्यातील अणूंना रांगेत येण्यास सवड मिळत नाही. ते जसे असतील तसेच थिजून जातात. वितळलेला धातू मात्र थंड केला की स्फटिकरूपच घेतो, असा अनेक पिढ्यांचा अनुभव होता. १९६० मध्ये या अनुभवाला छेद गेला. वितळलेल्या धातूपासूनही काच बनू शकते, असे दिसून आले. त्याबरोबर एक अवघड प्रश्न पुढे आला. ज्या पदार्थात क्रमच नाही, त्याच्या अणुरचनेचे वर्णन करावे तरी कसे?

या प्रश्नाच्या उत्तराचा पाया ज्यांनी घातला, ते धातूंच्या काचेचे अभ्यासक नव्हते. त्यांचे सारे आयुष्य स्फटिकांच्या, म्हणजे क्रमाच्याच, अभ्यासात गेले होते. जॉन डेस्मंड बर्नाल हे त्यांचे नाव.

बर्नाल यांचा जन्म १० मे १९०१ रोजी आयर्लंडमधील टिपरेरी परगण्यातील नीना या गावी झाला. आयर्लंड त्या वेळी ब्रिटिश सत्तेखाली होते. वडील सॅम्युएल हे शेतकरी होते. आई एलिझाबेथ मूळच्या अमेरिकेच्या; त्या उच्चशिक्षित होत्या आणि त्यांनी काही काळ पत्रकारिताही केली होती. घरातील धर्म कॅथलिक होता आणि लहानपणी बर्नाल अत्यंत श्रद्धाळू होते. शालेय शिक्षणासाठी त्यांना इंग्लंडला पाठविण्यात आले. १९१९ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजच्या इमॅन्युएल महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांची धर्मश्रद्धा सुटली व तिची जागा साम्यवादाने घेतली.

केंब्रिजमध्ये त्यांचे वाचन इतके अफाट होते, की मित्रमंडळी त्यांना ‘सेज’, म्हणजे ऋषी, म्हणू लागली. स्नेह्यांनी दिलेली अशी बिरुदे बहुधा थट्टेत सुरू होतात आणि विरून जातात. हे बिरुद मात्र पन्नास वर्षे टिकले. विद्यार्थिदशेतच त्यांनी एक मोठा गणिती उद्योग हाती घेतला होता. स्फटिकातील अणूंची मांडणी सममितीच्या दृष्टीने नेमकी २३० प्रकारांनीच होऊ शकते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेले होते. बर्नाल यांनी हे २३० प्रकार निराळ्या गणिती पद्धतीने नव्याने सिद्ध केले. या निबंधाला महाविद्यालयाचे पारितोषिक मिळाले. त्याहून मोठा लाभ असा झाला, की १९२३ मध्ये सर विल्यम ब्रॅग यांच्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील प्रयोगशाळेत त्यांना संशोधक म्हणून प्रवेश मिळाला.

क्ष-किरण स्फटिकातून गेले की विशिष्ट दिशांना विखुरतात आणि छायाचित्रणाच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटते. त्या नक्षीवरून आतील अणूंच्या जागा शोधून काढता येतात. ब्रॅग पितापुत्रांनी घडविलेल्या या शास्त्रात बर्नाल यांना पहिला विषय मिळाला तो ग्रॅफाइटचा. पेन्सिलीतील शिसे म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो हा पदार्थ. त्यातील कार्बनचे अणू सपाट थरांत षट्कोनी जाळीप्रमाणे बसलेले असतात आणि लगतचे थर एकमेकांपासून किंचित सरकलेले असतात, हे त्यांनी १९२४ मध्ये दाखवून दिले. थरांची ही रचना आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

१९२७ मध्ये ते केंब्रिजला परतले. त्यांच्या आयुष्यातील पुढचे दशक विलक्षण फलदायी ठरले. १९३४ मध्ये पेप्सिन या पाचक प्रथिनाचे स्फटिक त्यांच्या हाती आले. प्रथिनांच्या स्फटिकांची क्ष-किरण छायाचित्रे घेण्याचे प्रयत्न तोपर्यंत वाया गेले होते. बर्नाल यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा द्रावणात बुडालेले स्फटिक झळाळत होते. बाहेर काढून वाळविताच ती झळाळी जात होती. म्हणजे वाळण्यानेच त्यांची रचना मोडत असली पाहिजे. त्यांनी एक स्फटिक त्याच्या द्रावणासह बारीक काचनळीत बंद केला व छायाचित्र घेतले. काचेवर ठिपक्यांची रेखीव नक्षी उमटली. प्रथिनांच्या रेणूंनाही निश्चित रचना असते, याचा तो पुरावा होता. त्या रात्री आनंदाच्या भरात ते केंब्रिजच्या रस्त्यांवरून हिंडत राहिले, असे सांगतात. या कामात त्यांच्याबरोबर डोरोथी क्रोफूट ही तरुण संशोधिका होती. पुढे डोरोथी हॉजकिन या नावाने तिने १९६४ चे नोबेल पारितोषिक मिळविले. बर्नाल यांच्याकडे संशोधनासाठी आलेले मॅक्स पेरुट्झ हेही १९६२ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. स्वतः बर्नाल यांना तो मान लाभला नाही. नवी वाट दाखवावी, ती दुसऱ्यांच्या हवाली करावी आणि आपण पुढच्या विषयाकडे वळावे, असा त्यांचा स्वभाव होता. एखादा प्रश्न वर्षानुवर्षे चिकाटीने तडीस नेणे त्यांना फारसे जमले नाही.

याला एक अपवाद होता आणि त्याचे बीज याच दशकात पडले. १९३२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ राल्फ फाउलर यांच्यासह ते मॉस्कोहून परतत असता धुक्यामुळे विमान खोळंबले. त्या रिकाम्या वेळात दोघांची चर्चा धुक्यावरून पाण्यावर गेली आणि पाण्याच्या रेणूंची परस्परांशी मांडणी कशी असावी, याची कल्पना आकाराला आली. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध या विषयातील मूलभूत निबंध मानला जातो. मात्र द्रव म्हणजे नेमके काय, हा व्यापक प्रश्न बर्नाल यांच्या मनात तसाच राहिला.

१९३८ मध्ये ते लंडन विद्यापीठाच्या बर्कबेक महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिकणाऱ्यांचे हे महाविद्यालय. पुढल्याच वर्षी विज्ञानाच्या सामाजिक कार्याविषयीचा त्यांचा गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी महायुद्धही सुरू झाले. बाँबहल्ल्यांचा शहरांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास त्यांच्याकडे सोपविण्यात आला. त्यानंतर नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविण्याच्या तयारीत त्यांनी मोठा भाग घेतला. रणगाडे वाळूत रुततील की काय, हे ठरविण्यासाठी त्यांनी जुने नकाशे, ग्रंथालयांतील नोंदी आणि विमानातून घेतलेली छायाचित्रे पिंजून काढली. जून १९४४ मध्ये प्रत्यक्ष सैन्य उतरल्यावर ते स्वतःही त्या किनाऱ्यावर गेले. युद्धाचा हा अनुभव घेतलेल्या या माणसाने नंतरची अनेक वर्षे जागतिक शांतता चळवळीला दिली. १९५९ ते १९६५ या काळात ते जागतिक शांतता परिषदेचे अध्यक्ष होते. लंडनच्या टॉरिंग्टन चौकातील त्यांच्या घराच्या भिंतीवर १९५० मध्ये पिकासो यांनी एक चित्र रेखाटले, तेही शांतता परिषदेच्याच निमित्ताने.

बर्नाल यांच्या चरित्रातील एक गोष्ट येथे झाकून ठेवणे योग्य नाही. सोव्हिएत रशियावरील त्यांची निष्ठा इतकी आंधळी होती, की लायसेन्को याच्या छद्मविज्ञानाचेही त्यांनी जाहीर समर्थन केले. लायसेन्कोने आनुवंशिकीचे शास्त्रच नाकारले होते आणि त्याला विरोध करणारे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ वाव्हिलॉव्ह १९४३ मध्ये तुरुंगात मरण पावले होते. वाळलेल्या आणि ओल्या स्फटिकांतील फरक एका दृष्टिक्षेपात ओळखणाऱ्या या डोळ्यांना येथे समोरचे दिसले नाही. अनेक सहकारी त्यांच्यापासून दुरावले आणि वैज्ञानिक म्हणून त्यांच्या प्रतिष्ठेलाही धक्का बसला.

तरीही बर्कबेकची प्रयोगशाळा बहरत होती. १९५३ मध्ये रोझलिंड फ्रँकलिन तेथे आल्या व त्यांनी तंबाखूच्या पानांवरील विषाणूचा अभ्यास केला. ॲरन क्लुग त्यांना येऊन मिळाले. आणि पन्नाशी ओलांडलेल्या बर्नाल यांनी आपला तो जुना प्रश्न पुन्हा हाती घेतला.

द्रवांविषयी तेव्हा दोन मते प्रचलित होती. काहींच्या मते द्रव म्हणजे दाटलेला वायू. तर काहींच्या मते द्रव म्हणजे ठिकठिकाणी भोके पडलेला, मोडकळीस आलेला स्फटिक. बर्नाल यांना दोन्ही मते पटेनात. द्रव हा द्रवच आहे, असे मानून त्यांनी सुरुवात केली. त्यात स्फटिकाचे तुकडे नाहीत, एखादा अणू मावेल एवढी पोकळीही नाही. तो मुळातच अनियमित आहे. पण अनियमित असूनही दाटीवाटीने भरलेला आहे. मग अनियमित दाटीची स्वतःची काही भूमिती असते काय?

त्यांनी केलेले प्रयोग कोणत्याही शाळेत करता येतील इतके साधे होते. लहान मुलांच्या खेळातील मऊ मातीच्या गोळ्या करून त्यांनी त्या खडूच्या भुकटीत घोळविल्या, वेड्यावाकड्या एकत्र केल्या आणि चहूबाजूंनी दाबल्या. दाबामुळे प्रत्येक गोळीला सपाट बाजू पडल्या. अठराव्या शतकात स्टीफन हेल्स यांनी वाटाणे दाबून असाच प्रयोग केला होता. बर्नाल यांनी गोळ्या सुट्या करून प्रत्येकीच्या बाजू मोजल्या. त्या सरासरी तेरा-चौदा भरल्या. लक्षणीय गोष्ट अशी, की या बाजूंमध्ये पंचकोनांचे प्रमाण सर्वांत जास्त होते.

पंचकोनांचे एवढे महत्त्व का, हे घराच्या फरशीवरून समजेल. चौकोनी किंवा षट्कोनी फरश्या फट न ठेवता बसतात. पाच समान बाजूंच्या पंचकोनी फरश्या बसवू गेल्यास कोठे ना कोठे फट राहतेच. त्रिमितीतही तसेच घडते. चार चेंडू एकमेकांना टेकवून ठेवले की त्यांची केंद्रे जोडून एक चतुष्फलक बनतो. चार चेंडूंची याहून दाट रचना होत नाही. पण असे पाच चतुष्फलक एका कडेभोवती मांडले, तर सुमारे ७ अंशांची फट उरते. सहावा त्यात मावत नाही. म्हणजे जवळच्या शेजाऱ्यांपुरते पाहिले तर पंचकोनी मांडणी फायद्याची. पण तीच दूरवर पसरवू गेल्यास जमत नाही. अणूंना दाटी तर हवी असते, परंतु या दाटीतूनच क्रम मोडतो. द्रवातील अव्यवस्था नुसत्या गोंधळातून येत नाही, तर भूमितीच्या अडचणीतून येते, असा बर्नाल यांचा निष्कर्ष होता.

यानंतर त्यांनी चेंडू आणि कांड्यांची एक मोठी प्रतिकृती तयार केली. कांड्या मुद्दामच निरनिराळ्या लांबीच्या घेतल्या होत्या. ही प्रतिकृती ते आपल्या कार्यालयातच रचत असत. भेटीला येणारी माणसे दर काही मिनिटांनी कामात खंड पाडीत. बर्नाल यांना त्याचे वाईट वाटत नसे. आधी काय जोडले होते याचा विसर पडल्याने रचनेत नकळत नियमितपणा शिरण्याचा धोका टळतो, असा त्यांचा हिशेब होता. व्यग्र माणसाने आपल्या व्यग्रतेचा असा उपयोग करून घेतल्याची उदाहरणे विरळाच.

पुढे मोजमाप अधिक काटेकोर झाले. बेअरिंगमधील हजारो पोलादी छर्रे भांड्यात भरून त्यांत रंग ओतायचा, रंग निथळू द्यायचा आणि वाळल्यावर छर्रे सुटे करायचे. जेथे दोन छर्रे टेकलेले होते, तेथे रंगाची विशिष्ट खूण राहते. त्या खुणा मोजून शेजारी किती, हे कळते. यातही एक अडचण होती. भांड्याच्या सपाट भिंतीला लागून छर्रे आपोआप रांगेत बसू लागतात आणि तो क्रम आतवर पसरतो. म्हणून खडबडीत भांडी वापरावी लागली. अव्यवस्था टिकविण्यासाठीही बरीच काळजी घ्यावी लागते, हे या प्रयोगांनी दाखविले.

धान्याचे माप भरताना दुकानदार ते हलवतो आणि दाणे खाली बसून आणखी धान्य मावते, हे आपण पाहतो. छर्ऱ्यांचेही असेच होते. पण त्याला मर्यादा आहे. कितीही हलविले, तरी अनियमित राशीत छर्रे एकूण घनफळाच्या सुमारे ६४ टक्केच जागा व्यापतात. फळविक्रेता संत्री रचतो तशी नियमित रास केल्यास हेच प्रमाण ७४ टक्के होते. मधली वाट दिसत नाही. अनियमित रास म्हणजे थोडीशी बिघडलेली नियमित रास नव्हे, तर तिची जात निराळी, असे बर्नाल यांनी मांडले. राशीतील पोकळ्यांचेही त्यांनी वर्गीकरण केले. त्या पाच प्रकारांच्या असतात असे त्यांना आढळले आणि आज त्या ‘बर्नाल पोकळ्या’ म्हणून ओळखल्या जातात. १९६२ मध्ये रॉयल सोसायटीच्या मानाच्या बेकरियन व्याख्यानासाठी त्यांनी हाच विषय निवडला.

दरम्यान अमेरिकेत, कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेत, मूळचे बेल्जियमचे पोल दुवे व त्यांचे सहकारी निराळ्याच कामात होते. सोने व सिलिकॉन यांच्या वितळलेल्या मिश्रधातूचा थेंब त्यांनी थंड तांब्यावर वेगाने आपटविला. तापमान सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या वेगाने उतरले. दर चार अणूंत तीन सोन्याचे व एक सिलिकॉनचा असलेल्या या पापुद्र्यावर क्ष-किरण सोडले, तेव्हा स्फटिकाच्या खुणा मिळाल्या नाहीत. द्रवाकडून मिळतात तशी पसरट वलये मिळाली. १९६० मध्ये जाहीर झालेली हीच ती धातूची काच. द्रवाची अणुरचना जणू जागच्या जागी गोठली होती. साहजिकच, द्रवासाठी बर्नाल यांनी तयार केलेले चित्र या नव्या पदार्थाला लावून पाहणे अभ्यासकांना सुचले.

पण बर्नाल यांच्या शरीराने साथ सोडली होती. १९६३ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ते सावरले आणि काम करीत राहिले. १९६५ मध्ये दुसरा, अधिक तीव्र झटका आला. चालणे जवळजवळ थांबले. हळूहळू बोलणेही इतके अस्पष्ट झाले, की निकटच्या मोजक्या व्यक्तींनाच ते कळे. ज्यांच्या संभाषणाची कीर्ती दोन पिढ्यांनी ऐकली होती, त्यांच्या वाट्याला हे आले. तरीही १९६६ मध्ये आपल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे पुण्यात निधन झाले, तेव्हा ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांच्यावरील मृत्युलेख बर्नाल यांनी लिहिला. नाण्यांच्या वजनांवरून इतिहास वाचणारे गणितज्ञ कोसंबी हे शांतता चळवळीतील त्यांचे सहकारी होते.

छर्ऱ्यांचे काम त्यांचे तरुण सहकारी जॉन फिनी यांनी पुढे नेले. रबरी पिशवीत छर्रे भरून, ती सर्व बाजूंनी मळून त्यांनी दाट अनियमित रास तयार केली आणि सुमारे ८,००० छर्ऱ्यांची प्रत्येकाची जागा मोजली. हे मोजमाप १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास अमेरिकेतील संशोधकांनी निकेल व फॉस्फरस यांच्या काचसदृश मिश्रधातूची क्ष-किरण मापने फिनी यांच्या आकड्यांशी ताडून पाहिली. दोहोंत पुष्कळ साम्य निघाले. अणूंच्या मांडणीचा अंदाज पोलादी छर्ऱ्यांच्या राशीवरून बांधता आला होता. १५ सप्टेंबर १९७१ रोजी लंडन येथे बर्नाल यांचे निधन झाले.

त्यांचे चित्र जसेच्या तसे टिकले नाही. धातूंच्या काचेत सहसा एकाहून अधिक मूलद्रव्ये असतात. फॉस्फरस, बोरॉन यांसारखे लहान अणू बर्नाल पोकळ्यांत बसत असावेत, असे प्रथम सुचविले गेले. परंतु पुरेशा मोठ्या पोकळ्या तेवढ्या संख्येने नसतात, असे पुढील गणितांत आढळले. शिवाय कोणत्या अणूला कोणाचा शेजार हवा, हे रसायनशास्त्र ठरविते. छर्ऱ्यांना अशी आवडनिवड नसते. त्यामुळे लहान अणूभोवती मोठ्या अणूंचे ठरावीक पुंजके बनतात आणि हे पुंजके एकमेकांत गुंततात, अशी सुधारित कल्पना रूढ झाली. मधल्या काळात हा पदार्थ प्रयोगशाळेबाहेरही पडला. लोह, बोरॉन व सिलिकॉन यांच्या धातुकाचेची केसाहून पातळ पट्टी वीजवितरणाच्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात वापरली जाते, कारण तिचे चुंबकत्व सहज उलटते व वीज कमी वाया जाते.

काचेतील एकेका अणूची जागा प्रत्यक्ष ठरविण्यास मात्र २०२१ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील संशोधकांनी आठ धातूंच्या एका अतिसूक्ष्म कणाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अनेक कोनांतून चित्रे घेतली व त्यांवरून सुमारे १८,००० अणूंच्या जागा निश्चित केल्या. पुढील वर्षी त्यांनी टँटॅलम व पॅलेडियम यांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या, क्रमहीन नमुन्यांचाही असाच अभ्यास प्रसिद्ध केला. त्या नमुन्यांत त्यांना जी रचना सर्वाधिक आढळली, ती पाच अणूंच्या कड्याची होती. कड्याच्या वर एक अणू, खाली एक अणू, आणि अशी कडी एकमेकांत गुंफत गेलेली.